पुढच्या भावास

सुरेखावहिनींचा फोन सकाळी अकरा चाळीसला आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन शेजारच्या पंक्चरवाल्याकडे दिला. विलास वाव्हळ आपल्या दुकानात, एका पिकअपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून काम करत असताना गेला. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. वय एक्कावन्न. पुण्यानुमोदनाला निमगाव साव्याची माणसं आली, नारायणगावच्या बाजारातली आली. "लई सरळ मानूस," असं जो तो उठून बोलला. त्याच लोकांनी शेवटचे दोन महिने त्याला येड्यात काढलं होतं, ते कुणी बोललं नाही. मीही नाही.

विलास आणि मी निमगाव साव्याच्या शाळेत एका बाकावर होतो. मी पुण्याला वर्तमानपत्रात गेलो. तो हायवेला ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून बसला. त्याची एक सवय होती. गाडीत नवी तार टाकली की टोकाशी वीतभर जास्तीची तार वेटोळं करून सोडायची आणि तिला कॅलेंडरच्या जाड कागदाची चिठ्ठी टेपनं गुंडाळायची. चिठ्ठीची सुरुवात ठरलेली... 'पुढच्या भावास'. खाली कुठली तार कुठून कुठं गेली, फ्यूज कितीचा. मी चेष्टा करायचो. तो म्हणायचा, "उद्या दुसराच कुनीतरी ही गाडी खोलनार. त्यानं काय आंधळ्यावानी चाचपत बसायचं व्हय?"

गेल्या वर्षी एका रविवारी मी दुकानात बसलो असताना पुण्याची एक गाडी आली. राखाडी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. मालक तिशीतला. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो म्हणून या बाजूला गाडी 'काढायला' येतो म्हणाला. त्याच्या हातात मुठीएवढं यंत्र होतं. पोलिसांच्या स्पीडगनच्या लहरी आधीच पकडायच्या आणि चालकाला सावध करायचं, एवढंच त्याचं काम. ते आरशामागं बसवायचं होतं, पण तार कुठंही दिसता कामा नये. विलासनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "राव, हिचं स्क्रूबी लाजून बसल्यात," मला म्हणाला. मग साडेतीन तास बोलला नाही. छताच्या अस्तराआडून, समोरच्या काचेच्या डाव्या खांबात एअरबॅगच्या मागून, त्यानं तार खाली फ्यूजबॉक्सपर्यंत उतरवली. खडखडू नये म्हणून तिला कापडी टेप गुंडाळली. एक भोक पाडलं नाही. शेवटी कॅलेंडरचा कागद हातात घेऊन त्यानं विचारलं, "सायेब, चिठ्ठी ठिवू?"

मालक हसला. "काका, चिठ्ठी कुणाला? पोलिसांना?"

आम्ही तिघंही हसलो. विलासनं कागद परत खिळ्याला अडकवला.

विलास जाण्याच्या दोन महिने आधी त्याच गाडीनं महाळुंगे पडवळच्या एका अंगणवाडी सेविकेला फाट्यावर रस्ता ओलांडताना उडवलं. त्या जागीच गेल्या. बाई अचानक आडव्या आल्या, गाडीचा वेग मर्यादेतच होता, असा मालकाचा जबाब. आमच्या पानावर चार ओळी आल्या, जबाबासकट. त्या मी तपासून सोडल्या. गाडी ती होती, हे मला विलासनं फोनवर सांगितलं. त्यानं मोबाईलवर फिरणाऱ्या अपघाताच्या फोटोवरून ओळखली होती.

तो पोलीस ठाण्यात गेला. आपण होऊन, ते यंत्र आपणच बसवलं हे सांगायला. आवारात गाडी उभी होती. आरशामागं यंत्र नव्हतं. ते काढून घ्यायला दोन सेकंद लागतात. हवालदारानं आत डोकावून पाहिलं.

"कुठंय तार?"

"आत हाये, सायेब. खांबाचं कव्हर काडू द्या. दोन मिन्टं."

"हात लावायचा नाही. तू मेकॅनिक आहेस का आरोपी, ते ठरव आधी."

"दोनीबी लिवा," विलास म्हणाला.

काहीच लिहिलं गेलं नाही. तो तीनदा गेला. तिसऱ्यांदा गाडी सुटली होती. त्यानं तार लपवली होती ती इतकी चोख, की आता ती आहे हे त्यालाच सिद्ध करता येईना. बाजारातले लोक म्हणाले, गिऱ्हाईक सुटलं, तू कशाला अडकतो? त्या रात्री जेवला नाही, असं वहिनी सांगतात.

मग त्यानं मला फोन केला. "तू व्हता की तिथं. तू लिही."

मी विचारलं, "कागद काही आहे? बिल? फोटो?"

"तू डोळ्यांनी पायलं, त्यो पुरावा न्हाई?"

"बघतो," मी म्हणालो. तीस वर्षं या धंद्यात आहे. 'बघतो'चा अर्थ मला माहीत आहे. त्यालाही कळला असावा... नंतर त्याचा फोन आला नाही. त्याचं हृदय कशानं थांबलं, ते मी सांगू शकत नाही. त्याचं कुणीच ऐकलं नाही, आणि ज्याच्याकडे ऐकण्याखेरीज दुसरं काम नव्हतं तो मी होतो, एवढं सांगू शकतो. आता पुण्यानुमोदनात सरळ माणूस म्हणायला काय जातं?

मागच्या आठवड्यात माझ्या गाडीचा हॉर्न बंद पडला. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, तर वेटोळं आणि चिठ्ठी. 'पुढच्या भावास. लाल चालू, काळी बॉडीला. ओढू नये, सोडवावी.'

ती राखाडी गाडी दुरुस्त होऊन विकली गेली, असं कळतं. आज ना उद्या ती कुणीतरी खोलेल. तिच्यात चिठ्ठी नाही. म्हणून इथं ठेवतो.

पुढच्या भावास. आरशामागून छताच्या अस्तरात, डाव्या खांबात एअरबॅगच्या मागून, खाली फ्यूजबॉक्सपर्यंत. कापडी टेप गुंडाळलेली आहे. ओढू नये, सोडवावी. बसवणारा विलास वाव्हळ. बसवताना मी समोर होतो.