लाल गाडी, लाल टॅग

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, आणि चालू गाडी कायमची बंद पाडणाराही पहिला मीच. दोन्ही गोष्टींना मेकॅनिकल इंजिनिअरिंगच कामी आलं.

पदवीचं आधी सांगतो, कारण ते मी सगळीकडे आधीच सांगतो. आमचे वडील, आप्पा, आठवी पास. बीड जिल्ह्यातून भोसरीला आले आणि एका कंपनीत तीस वर्षं राबले. शेवटची पंधरा वर्षं स्टोअरला होते. माझी पदवी त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे, देवघराच्या वर चार बोटं. पाहुण्याला पाणी नंतर, फ्रेम आधी. (सिलिंडरवाल्यालाही दाखवली आहे. दोनदा.)

त्या पदवीच्या जोरावर मी महाळुंग्याच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. प्लॅनिंग म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी न केलेलं काम त्यांनी कधी करायला हवं होतं, हे त्यांना मेलवर लाल झेंडा लावून कळवायचं. पान्हा मी शेवटचा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये धरला होता, तोही फोटोपुरता.

हे माझ्या सासऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी त्यांना मामा म्हणतो. चऱ्होलीचं जुनं बागायतदार घर, दारात दोन मोठ्या गाड्या, आणि चार माणसांत बोलायची पद्धत अशी: "जावई इंजिनिअर केलाय आमी. पर मिक्सर बंद पडला की मिस्त्रीच बोलवावा लागतोय!"

मी हसायचो. आत जळायचो.

तर या मामांच्या गोठ्यात, कडब्याखाली, एक विलायती गाडी होती. लाल, दोनच सीटची, टप मागे दुमडणारी, इतकी बुटकी की म्हैस वरून आरपार बघायची. मामांचे वडील कोणे एके काळी ट्रॅक्टर घ्यायला गेले आणि कुणा साहेबाची ही गाडी घेऊन आले. (का, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.) माझा मेहुणा ऋषी याचं लग्न ठरलं आणि मी भर बैठकीत बोलून गेलो, "मामा, ती गाडी मला द्या. घरच्या गॅरेजमध्ये नवी करतो. ऋषीची वरात तिच्यातूनच!"

माझी बायको प्राजक्ता हळूच म्हणाली, "अहो, मिक्सर आठवा."

मामा म्हणाले, "घ्या की! जमलं तर आजपासनं मिक्सरचं नाव काढायचो न्हाई. न्हाई जमलं तर मातूर ती फ्रेम उतरवायची भिंतीवरनं. तुमच्या वडलांनी मला सात येळा दावलीया ती."

म्हणजे पणाला काय लागलं होतं, बघा!

ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, मोटरसायकलमधलं पेट्रोल ओतलं, आणि गाडी चक्क सुरू झाली! धूर काढत, दोन कोंबड्या बाहेर फेकत, आमच्या मोशीच्या रो-हाउसपर्यंत ती आपल्या पायांनी आली. आमचं गॅरेज असं आहे की गाडी आत गेली की माणसाने खिडकीतून बाहेर पडायचं. आप्पांनी गाडीभोवती अर्धीच चक्कर मारली, कारण पुढे भिंत होती.

"चालायलीय की रे दत्त्या."

"हो आप्पा. आता खोलणार."

"चालू गाडी कशाला खोलायलास?"

"त्याला रिस्टोरेशन म्हणतात."

"हां," आप्पा म्हणाले. इंग्रजी शब्द आला की आप्पा फ्रेमकडे बघतात आणि गप्प बसतात.

पुढच्या चार रविवारी मी गाडी खोलली. खोलायला डिग्री लागत नाही, हे लवकरच कळलं. पण माझ्याकडे पद्धत होती! प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक नंबरची एक्सेलमध्ये ओळ, आणि प्रत्येक भागाला दोऱ्याने बांधलेला रंगीत टॅग. लाल म्हणजे अत्यंत महत्त्वाचं, मेलवर असतो तसं. पिवळा म्हणजे पुसायचं. हिरवा म्हणजे फालतू, फेकून द्यायचं. इंजिनला लाल. गिअरबॉक्सला लाल. ब्रेक तर जिवाचा मामला, त्याला दोन लाल. सीटखाली सापडलेलं कोंबडीचं घरटं, फुटका आरसा आणि कुजलेली मॅट, यांना हिरवा. मला माझाच अभिमान वाटला. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

मग कंपनीत ऑडिट आलं आणि मी तीन दिवस तिकडेच अडकलो. त्यात मामांचा फोन. "उद्या गाडी बघाया येतोय." मी लगेच आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मामा येणार आहेत. गॅरेज जरा आवरून ठेवाल का? सगळ्याला टॅग लावलेत. टॅग बघून आवरा."

"टॅग बघून?" आप्पांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "मंग मला सांगायचं कामच नाही. तू ऑडिट कर निवांत."

मी ऑडिट केलं. निवांत!

संध्याकाळी घरी आलो तर गॅरेज लख्ख. फरशी पुसलेली, भिंतीला पिवळा पट्टा मारलेला. रॅकवर ओळीने, तेलाचा हात फिरवून मांडलेलं सामान: फुटका आरसा. कुजलेली मॅट. आणि मधोमध, खाली फडकं अंथरून, कोंबडीचं घरटं.

"आप्पा... इंजिन कुठंय?"

"रिजेक्शनला."

"आपल्या घरात रिजेक्शन कुठंय?"

"नव्हतंच की. म्हणून भंगारवाला बोलावला. त्यानं टेम्पो आणला."

"अहो, लाल टॅग होता त्याला!"

"म्हणूनच की! पंधरा वर्षं स्टोअरला हेच केलंय मी. लाल म्हणजे नापास माल. लाल दिसला की उचल, हिरवा दिसला की जप."

"आप्पा, लाल म्हणजे महत्त्वाचं!"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुठल्या कंपनीत?"

मी मेलवरच्या लाल झेंड्याचं सांगितलं. आप्पा म्हणाले, "मी मेल नाही उचलला बाबा कधी. मी माल उचललाय."

तेवढ्यात प्राजक्ता निळ्याशार नव्या टबात कपडे घेऊन आली. "अहो, केवढा मोठा टब दिला बघा त्याने! आप्पांनी मागून घेतला."

मी टबाकडे बघितलं. आमच्या इंजिनाचं आता तेवढंच बघायला उरलं होतं.

स्कूटरवर आप्पांना मागे घेतलं आणि भंगारवाल्याकडे सुटलो. इंजिन तिथेच होतं. फक्त चार जागी होतं.

"फोडलं?" मी ओरडलो.

"साहेब, काकांनीच सांगितलं," भंगारवाला म्हणाला. "म्हणले, रिजेक्ट माल फोडल्याबिगर सोडू नको. परत कुणाच्या गाडीला लागला तर बोंब होईल. समोर उभं राहून फोडून घेतला!"

"नियमच हाय तसा," आप्पा नम्रपणे म्हणाले. "त्याची सही घेतलीय मी गेटपासवर."

आमच्या घराला गेटच नाही!

दुसऱ्या दिवशी मामा आले. चाकांवर उरलेल्या सांगाड्याला रंग मी आधीच मारून घेतला होता, त्यामुळे बाहेरून गाडी नवरीसारखी दिसत होती. मामा खूश. "करा की चालू, जावईबापू."

"मामा, क्लासिक गाडी उगाच चालू करत नाहीत. थेट वरातीत."

मामांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी दारातून हॉलमधल्या फ्रेमकडे.

मामा गेल्यावर प्राजक्ता म्हणाली, "आता सांगून टाका खरं." मी तयारही झालो होतो, पण आप्पा आडवे आले. "फ्रेम उतरायची नाही! कंपनीत मालाचा गाडा काय इंजिनावर चालतो का? पुढून ओढत्यात." असा बेत ठरला. पुढे डीजेचा टेम्पो, मागे गाडी, मधे दोर, आणि दोरावर झेंडूच्या माळा.

वरात निघाली. ऋषी फेटा बांधून शेजारी. मी स्टिअरिंगवर गंभीर चेहऱ्याने बसलो होतो आणि रिकाम्या जागी गिअर टाकत होतो. (मधूनमधून तोंडाने हळूच घुर्र करत होतो. खोटं कशाला सांगू!)

"दाजी, इंजिनचा आवाजच येईना राव!"

"ट्यूनिंग," मी म्हणालो.

गावच्या उतारापर्यंत सगळं छान चाललं. उतारावर मामांच्या मित्रांना नाचायची हुक्की आली आणि टेम्पो थांबला. गाडी थांबली नाही. ब्रेक जिवाचा मामला होता ना, त्याला दोन लाल टॅग होते!

मी टेम्पोला चुकवून गाडी बाजूने काढली. लोकांना वाटलं, आता खरी गाडी बाहेर आली! शिट्ट्या सुरू झाल्या. मामा दोन्ही हात वर करून ओरडले, "आमचा जावई! इंजिनिअर!" आयुष्यात पहिल्यांदाच. ते ऐकून मी मान वळवून नमस्कार केला, आणि त्याच क्षणी दोर संपला.

असा हिसका बसला की ऋषीचा फेटा डॅशबोर्डवर आणि बोनेट सताड उघडं. सगळी वरात पुढे येऊन आत डोकावली. आत निळा टब होता. टबात बर्फ, आणि बर्फात पाण्याच्या बाटल्या.

डीजेसुद्धा बंद पडला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "इंजिन?"

आप्पा लगबगीने आले. "जागा मोकळीच होती, म्हणून पाण्याची सोय केली. घ्या, गार हाय."

मामांनी बाटली घेतली. "आन् ह्यो टब?"

"इंजिनाच्या बदल्यात आलाय."

मामा बराच वेळ पाणी प्यायले. मग एवढंच म्हणाले, "गोठ्यात व्हती तवा कोंबड्या तरी बसत व्हत्या हिच्यात." आणि नवरदेवाला स्वतःच्या गाडीत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल घेऊन हॉलमध्ये आलो. शब्द म्हणजे शब्द. फ्रेम उतरवायला हात वर केला तर फ्रेमच्या खिळ्याला टॅग लटकत होता. लाल.

आप्पा खाली बसून चहा पीत होते.

"आप्पा, हा तुम्ही लावलात?"

"हां."

"माझ्या पद्धतीनं, का तुमच्या?"

आप्पांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "इंजिनिअर तू हाईस. तू सांग."

मी विचार करणार होतो. पण तेवढ्यात बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली आणि मी फ्रेम खिळ्यावरून काढून, पोटाशी धरून आतल्या खोलीत पळालो.