चप्पल दिसली तर फाटक बंद

माझी नणंद म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. गावाच्या गाई तीच राखते. मागे माळ असा बोडका झाला होता की गाई गवतापेक्षा मातीच जास्त चाटायच्या. तेव्हा हिने माळाचे तारेने तुकडे पाडले. सगळी गुरं एकाच तुकड्यात दाटीने चारायची, गवत संपायच्या आत पुढच्यात न्यायची, आणि चरलेल्या तुकड्याला विश्रांती. तो परत कधी उघडायचा? तर गवतात चप्पल टाकून बघायची. उभ्याने दिसली, की फाटक बंद!

गाव खो खो हसलं. राखणीचे पैसे देणारा डेअरीवाला मात्र भडकला. "समोर गवत आणि गाई बाहेर? पावसाळा सरेपर्यंत बघतो. माळ सुधारला नाही, तर काठी खाली ठेवायची. मी दुसरा राखणदार आणतो."

काठी गेली की हिचं पोट गेलं. तरी ही म्हणते कशी, "बरं."

उन्हाळ्यात दूध घटलं आणि माझा जीव टांगणीला लागला. "वन्सं, एकदाच उघडा की!" तिने चप्पल टाकली. "दिसतेय," म्हणाली आणि चालू लागली. एकदा आमचीच गाय तार वाकवून आत घुसली, तर हिने तिला हाकलत थेट आमच्या दारात आणून बांधली. भावाची गाय म्हणून सूट नाही! मी दोन दिवस अबोला धरला. तिला पत्ताच नाही.

पावसाळा सरला. डेअरीवाला नवे पांढरे बूट घालून फाटकाशी हजर. नणंदेनं चप्पल काढली, तसा तो ओरडला, "तुझी चप्पल मातीच्या रंगाची. लबाडी नको! माझा बूट टाकतो."

आणि दिला की भिरकावून!

आम्ही सगळे बघतोय. बूट कुठाय? गुडघ्याच्या वर गवत, वाऱ्याने डुलतंय. डेअरीवाला एका पायावर लंगडी घालत गवत उपसतोय. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि डोळ्यांत पाणी कधी आलं कळलंच नाही. अहो, जिंकली ना माझी नणंद!

शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "काठी तुझीच, बाई. पण माझा बूट?"

नणंदेनं फाटक उघडलं आणि गाई आत सोडल्या.

"चरून झालं की सापडेल," म्हणाली.