व्याह्यांचं रेडकू

आमच्या व्याह्यांसारखा व्हिडिओ गेम खेळणारा अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नाही, आणि झाला असेल तर मी मिशा उतरवीन. साठीच्या शेतकऱ्याला हा कसला नाद, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पौडच्या एसटी स्टँडाजवळच्या हॉटेलात ती नाणं टाकून खेळायची पेटी आली तेव्हा व्याही कचेरीत उताऱ्यासाठी खेपा घालत होते. साहेब जागेवर नसायचे, एसटी वेळेवर नसायची. माणसानं करायचं काय?

पडद्यावर गल्ल्या, गल्ल्यांत दाणे. एक गोल तोंड दाणे खात पळायचं आणि चार भुतं त्याच्या मागं. व्याह्यांना भुतंबितं दिसलीच नाहीत. "पाव्हणं, रेडकू रानात शिरलंय आन् राखणदार मागं लागल्यात. दुसरं काय न्हाई." खेळायच्या आधी ते चपला काढायचे, धोतराचा सोगा खोचायचे आणि खुरपणीला बसल्यासारखी एकेक गल्ली साफ करायचे. एका नाण्यात दोन एसट्या निघून जायच्या. मी ओरडलो तर म्हणायचे, "जाऊ द्या. रेडकू उपाशी हाय."

मग पेटीवाल्यानं पुण्याहून दुसरी पेटी आणली. बंदुकीची, नुसता धडाधड आवाज. दोन्ही शेजारी मांडून म्हणाला, "बाजाराच्या दिवशी जिच्यात जास्त नाणी पडतील, ती ठेवणार."

व्याही पेटले. आठवडाभर गावोगाव हिंडून त्यांनी माणसं गोळा केली. बाजाराला हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. पण आमची माणसं कशी? व्याही खेळायला लागले आणि सगळे हात मागं बांधून बघत राहिले.

"आरं, तुमी खेळा की," व्याही मान न वळवता म्हणाले.

"तुमचं होऊ द्या आदी. मोठ्या माणसाच्या हातातलं काढून घ्यायचं व्हय?"

आणि व्याह्यांचं काही केल्या संपेना. शेजारच्या बंदुकीच्या पेटीवर पिरंगुटच्या कारखान्यातले गडी घडीघडीला मरत होते आणि घडीघडीला नवं नाणं टाकत होते.

मी कानाशी लागलो, "मुद्दाम मरा आता."

"जाणूनबुजून रेडकू मारू?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो.

संध्याकाळी पेटीवाल्यानं रेडकाची पेटी टेम्पोत घातली. मी आडवा आलो. "एवढी माणसं बघायला जमली, दिसली न्हाईत तुला?"

"बघणाऱ्यांवर धंदा चालतो का, बाबा? नाणी टाकतात त्यांच्या आवडीचेच खेळ पुढं निघतात."

म्हणजे ज्याला येत नाही त्याच्या चवीनं खेळ निघणार, आणि ज्याला येतं त्यानं नुसतं स्टँडावर बसायचं. हा न्याय मी तेव्हा मानला नाही, आजही मानत नाही.

व्याही चपला शोधत होते. टेम्पो वळणाआड गेल्यावर हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमी तरी येकदा टाकायचं व्हतं."

माझ्या बंडीच्या खिशात सकाळपासून एक नाणं होतं. त्यांचं संपलं की टाकू, म्हणून ठेवलं होतं.