केमिस्टसाहेबांचं झाकलेलं मडकं

बाजारात माठ घेताना टिचकी मारली, की तो खणखणीत आवाज मला आष्टीकडच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत नेतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं. दुष्काळ होता, टँकर चार दिवसांनी यायचा. शेजारी तंजावरचे केमिस्ट राहत. त्यांच्या बैठकीत एक मडकं कायम फडक्याखाली असायचं. टँकरवाला त्यांना चोरून जास्तीचं पाणी देतो, असा सासूबाईंचा संशय होता.

एका संध्याकाळी विरजणाचं निमित्त काढून आम्ही गेलो आणि सासूबाईंनी सरळ फडकं उचललं. मडकं कोरडं ठाक होतं. साहेब हसले आणि ते मांडीवर घेऊन बोटांनी वाजवू लागले. त्यांच्याकडच्या एका थोर रचनाकारांनी दुष्काळी मुलखात अमृतवर्षिणी राग गायला आणि पाऊस पडला, असं म्हणाले.

"मग हितं कावून पडत न्हाई?" सासूबाईंनी विचारलं.

"गाणारे ते. मी नुसतं मडकं वाजवतो."

निघताना त्यांच्या बायकोने आम्हाला फुलपात्रभर पाणी दिलं.

बाहेर येताच सासूबाई कुजबुजल्या, "बघ, पाणी हायच की घरात."

घागर पार तिरकी करून तिने तळाचं पाणी काढलेलं मी पाहिलं होतं. तरी मी मान डोलावली.