दर रविवारचा मार

'ती घटना आजही आठवते' असं एखाद्या पोलिसाने लिहिलं, की पुढे रक्त येणार हे वाचक धरूनच चालतात. माझ्या या प्रकरणातही रक्त आहे, पण फक्त गुडघ्याचं. आणि ते आठवलं की मला आजही एकट्यालाच हसू फुटतं.

मी तेव्हा गोरेगाव-जोगेश्वरी पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सोमवारी ठाण्यात गर्दी ठरलेली. रविवारी घरात सगळे एकत्र असतात, त्यामुळे भांडणं रविवारी होतात आणि तक्रारी सोमवारी येतात. अशाच एका सोमवारी साठीच्या एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर ठाण मांडून बसल्या. मोठ्या साहेबांनाच भेटणार म्हणाल्या.

बाई मूळच्या मालवणकडच्या, लग्नानंतर सगळा जन्म जोगेश्वरीत गेलेला. नवरा कंपनीतून निवृत्त झालेला. तो दर रविवारी उजाडायच्या आत भजनाला म्हणून टाळ घेऊन बाहेर पडतो आणि जेवायच्या वेळेला मार खाऊन परत येतो, अशी त्यांची तक्रार होती. कधी कोपर सोललेलं, कधी गुडघा फुटलेला. विचारलं की म्हणायचा, पायरीवरून घसरलो.

"दर रविवारी कोण घसरता, साहेब? माका एवढाच सांगा, ह्यांका मारता कोण?"

कुणीतरी धमकावतंय आणि नवरा भीतीने गप्प आहे, असा बाईंचा संशय होता. मागे त्याला स्कूटरचा मोठा अपघात झाला होता, पायात सळई बसली होती. कित्येक महिने बाईंनी त्याला उठवलं-बसवलं. एकदा परत आणलाय, आता पुन्हा ते बघायची माझ्यात ताकद नाही, म्हणाल्या. चहा मागवला, त्याला हातही लावला नाही. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि नवऱ्याला चौकशीसाठी बोलावलं.

मार खाल्लेली माणसं मी पुष्कळ पाहिली. ती खुर्चीच्या कडेवर बसतात, दारावर डोळा ठेवतात आणि प्रश्न संपायच्या आत 'कुणी नाही हो' म्हणतात. हे काका मात्र ऐसपैस बसले. चहा बशीत ओतून चवीने प्यायले. भिंतीवर आमच्या हद्दीचा नकाशा होता, तो निरखून मलाच सांगू लागले की जंगलाच्या अंगाला एक पायवाट आहे, ती तुम्ही दाखवलेलीच नाही. मग एकदम नकाशावरची नजर काढून रिकाम्या बशीत घातली.

जखमा पाहायच्या म्हणून मी पायजमा वर करायला लावला. नडगीवर टोचल्याच्या बारीक खुणा होत्या, अगदी ओळीने. काठीचा वळ असा उठत नाही. आणि उजव्या पोटरीवर काळा, तेलकट, दातेरी डाग. डावी पोटरी स्वच्छ. सायकलच्या चेनीत उजवा पायजमा काळा केला म्हणून लहानपणी आईच्या हातचे धपाटे खाल्लेला मी माणूस, तो डाग अंधारातही ओळखेन.

"काका, सायकल चालवता?"

"छे हो, या वयात?" म्हणत त्यांनी पायजमा चटकन खाली ओढला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस आधी कपडे सारखे करतो. मी त्यांना जाऊ दिलं. पण नुसत्या सायकलसाठी एवढी लपवाछपवी कशाला? जंगलातून हातभट्टीची दारू सायकलवरून उतरवतात, हे आम्हाला ठाऊक होतं. या भोळ्या म्हाताऱ्याला कुणी त्यात ओढलं नाही ना, ही शंका मला स्वस्थ बसू देईना.

माझ्या हवालदाराने जंगलाच्या रस्त्यावरच्या नारळपाणीवाल्याला गाठलं. आठवड्याच्या आत खबर मिळाली. एक काका दर रविवारी टाळ घेऊन तिथल्या एका तबेल्यामागे जातात आणि हाफपँट, हेल्मेट घालून जाड टायरच्या सायकलवर बाहेर पडतात. सोबत चार-पाच तरुण पोरं-पोरी असतात.

रविवारी आम्ही दोघं साध्या वेशात मोटारसायकलवरून मागावर निघालो. आधी डांबरी रस्ता, मग खडीचा चढ. काका जोरात पायडल मारत होते. पुढे ते एका चाकापुरत्या पायवाटेवर वळले आणि बांबूंमध्ये दिसेनासे झाले. आम्हीही घुसलो. पहिल्याच मुळाला अडकलो आणि दोघं चिखलात आडवे. हवालदार पडल्यापडल्या म्हणाला, "साहेब, उद्या आपल्या घरून पण अर्ज येतील."

फेरी फिरून तबेल्याशीच संपते, असं नारळवाल्याने सांगितलं होतं. आम्ही लंगडत तिथे जाऊन थांबलो. काका आले, आम्हाला पाहिलं आणि हेल्मेट काढून सगळं कबूल केलं. सायकल मुलाची. तो नोकरीला बंगलोरला गेल्यावर ती विकली असं घरी सांगून इथे ठेवलेली. नडगीवरच्या खुणा, पाय घसरू नये म्हणून पायडलवर बसवलेल्या बारीक खिळ्यांच्या. दारूबिरू काही नाही. मात्र अपघातानंतर बायकोने देवासमोर शपथ घ्यायला लावली होती, पुन्हा दोन चाकांवर बसणार नाही म्हणून.

"साहेब, रिटायर झाल्यापासून सगळे मला जपतात. पिशवी उचलू नका, स्टुलावर चढू नका. इथे कुणी जपत नाही हो. पडलो की पोरं म्हणतात, उठ काका, चल. तिला कळलं तर हे संपलं."

गुन्हा निष्पन्न होत नव्हता, अर्ज दप्तरी दाखल करून प्रकरण तिथेच मिटवता आलं असतं. पण बाई दर रविवारी जीव मुठीत धरून बसणार होत्या, त्याचं काय? तुम्ही सांगा नाहीतर मी सांगतो, असं मी काकांना बजावलं. आठवडाभर त्यांना धीर झाला नाही. मग पुढच्या रविवारी मी बाईंना जीपमध्ये घालून नेलं. मारणारा दाखवतो, एवढंच म्हणालो. बाई छत्री घेऊन आल्या होत्या. आभाळ स्वच्छ होतं, तेव्हा छत्री कशासाठी ते मी विचारलं नाही.

पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे आम्ही उभे राहिलो. एकेक सायकल बाहेर आली. शेवटी झाडीतून जोरात ओरडणं ऐकू आलं, बाईंनी माझा हात घट्ट धरला, आणि उतारावरून काका आले. ओरडत होते ते आनंदाने, झोपाळा उंच गेला की मुलं ओरडतात तसे. मिशीपर्यंत चिखल. बायको दिसली तसे ब्रेक दाबून जागच्या जागी थांबले. चेहरा खर्रकन उतरला.

बाई जवळ गेल्या. गुडघा पाहिला, सायकल पाहिली, मग बराच वेळ नवऱ्याचं तोंड पाहिलं. मला तर वाटलं, आता छत्री बसते. काका सायकलवरून उतरू लागले.

"उतरू नकात," बाई म्हणाल्या. "परत एक फेरी मारून येवा. माका नीट बघूचा आसा."

काकांनी दोनदा विचारून खात्री केली आणि सुटले. जीपमध्ये बसा म्हटलं तरी बाई बसल्या नाहीत. झाडीत खुट्ट झालं की मान वळायची. त्यांची भीती तिळभरही कमी झालेली नव्हती, तरी त्यांनी जा म्हटलं होतं. माणसाला धोक्यापासून लांब ठेवण्यात माझी सारी नोकरी गेली. जिवाचा थरकाप होत असताना आपल्या माणसाला जा म्हणायचं, हे धैर्य मी तिथे पाहिलं. मला ते आजही जमत नाही. मुलगी गाडी घेऊन निघाली की मी सतरा सूचना देतो.

काका दुसऱ्यांदा त्या उतारावरून आले तेव्हा ओरडण्याचे आवाज दोन होते. एक त्यांचा, आणि दुसरा, त्याहून मोठा, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या अर्जदार बाईंचा.