बोटांखालचा सह्याद्री

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शाळेत मी भूगोल शिकवते. बहुतेक मुलांचे आईवडील इथल्याच कारखान्यांत कामाला. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एक मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचे वडील लेथ मशीनवर काम करायचे, मूळ गाव जिल्ह्याच्या पूर्वेचं नांदगाव. ब्रेलमधली पुस्तकं ती भराभर वाचायची, पण त्यांत नकाशे नव्हते. वर्गात मी भिंतीवरच्या नकाशाकडे वळले की ती मान खाली घालून थांबून राहायची.

एकदा तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली. "मॅडम, सगळे म्हणतात नकाशात नाशिक डावीकडं आहे. डावीकडं म्हणजे कुठं? मला हात लावून बघायचंय."

त्या दिवाळीच्या सुट्टीत, तिच्या हाताला लागेल असा जिल्ह्याचा नकाशा करायला मी प्लायवूडचा एक मोठा तुकडा आणला आणि रद्दी भिजवून लगदा केला. पश्चिमेला सह्याद्री उभा केला, कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेला आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारा. नद्यांसाठी लोकर चिकटवली. पावसासाठी काय वापरावं ते सुचेना, शेवटी मोहरीचे दाणे घेतले: इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे दाट, पूर्वेकडे विरळ.

सुट्टीनंतर वर्गात तिला नकाशासमोर बसवलं. तिनं आधी चारही कडांवरून हात फिरवला, मग पश्चिमेकडून वर चढली. कड्याशी बोटं थबकली. "बाप रे, इथून पडलं तर काय उरायचं नाय!" वर्ग हसला, तीही हसली. त्र्यंबकजवळ तिला लोकरीचं टोक सापडलं. गोदावरी धरून ती नाशिक ओलांडून निफाडपर्यंत गेली आणि थांबली. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

"मॅडम, इथं नदी चढावर चाललीय."

मी वाकून पाहिलं. लगदा सुकताना तिथे फुगवटा आला होता आणि माझी गोदावरी खुशाल त्यावरून वर चढत होती. इतके दिवस तो नकाशा माझ्या डोळ्यांसमोर होता, मला ते दिसलं नव्हतं. "पाणी कशाला चढेल?" ती म्हणाली. ते इतकं साधं होतं, की मला तिचं फार कौतुक वाटलं. दोघींनी मिळून तो फुगवटा कानशीनं घासून काढला.

पावसावर मात्र ती रुसली. नांदगाव शोधून तिथले दाणे चाचपत म्हणाली, "आमच्याकडं एवढेच? आणि इगतपुरीला मूठभर?"

मी तिचा तळहात उभ्या कड्यावरून वर नेत सांगितलं. समुद्रावरून आलेला दमट वारा असा वर ढकलला जातो, वर गार होतो, तिथेच पाऊस पाडतो. पलीकडे उतरेपर्यंत त्याच्यात फारसं पाणी उरत नाही.

तिनं तळहात पुन्हा एकदा कड्यावरून वर नेला. "म्हणजे ढग डोंगर चढताना ओझं टाकून देतात."

पर्जन्यछाया मी अनेक वर्षं शिकवत आले आहे. त्या दिवसापासून मी तिच्याच शब्दांत शिकवते.

शाळेच्या प्रदर्शनात तो नकाशा तिच्या ताब्यात होता. येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, "आधी डोळे मिटा, मगच हात लावा." तिचे वडील पहिली पाळी संपवून कंपनीच्या गणवेशातच आले. त्यांनीही डोळे मिटले. लेकीनं त्यांचं जाडजूड बोट धरून कड्यावर चढवलं, पठारावरून उतरवलं, पार पूर्वेला नेऊन टेकवलं.

"काय आलं, पप्पा?"

"नांदगाव?"

"बरोबर! आता तिथून कुठं जायचं, सांगा."

डोळे न उघडता त्यांनी बोट तिथेच नांदगावावर टेकवून ठेवलं. मागं लोक खोळंबले होते, पण घाई कोणी केली नाही.

आता ती कॉलेजात भूगोलच शिकते. नकाशाच्या प्रात्यक्षिकांचं कसं होणार, असं प्रवेशाच्या वेळी तिला विचारलं गेलं. तिनं स्वतः बनवलेला उठावाचा नकाशा टेबलावर ठेवला, तासभर समजावून सांगितला आणि प्रवेश घेऊनच उठली. गेल्या पावसाळ्यात तिची अभ्याससहल इगतपुरीच्या घाटात गेली होती. तिथून तिचा फोन आला, मागं नुसता घोंघावणारा आवाज.

"मॅडम, कड्याच्या कठड्याशी उभी आहे. वारा खालून वर येतोय! तोंडावर आपटतोय, आणि ओला आहे!"

तिच्या मैत्रिणी तिला मागे ओढत असल्याचं फोनवर ऐकू येत होतं. ती काही हलायला तयार नव्हती.