आम्हा दोघांच्या मधला डबा

फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून मी रविवारी मंगळवार पेठेतनं आणलेलं मटण ओट्याखालच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवलं. डबा बायकोचा. ती कॉलेजात शिकवत शिकवत चाळिशीत पीएच.डी. करत होती, गर्भाशयातल्या गाठींवर. एका पेशंटच्या ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा तुकडा त्याच डब्यातनं, बर्फात घालून, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत न्यायचा होता.

"अहो, हे काय केलासा!"

तुकड्यातला आरएनए म्हणे इतका नाजूक, की उघडं बोट लागलं तरी नासतो. मी तर रक्ताळलेलं मटणच ठेवलेलं.

तिनं प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला फोन लावला. गडी लगेच मोटारसायकलवरनं नवा डबा घेऊन हजर. माझ्यापेक्षा थोडाच लहान, पण केस शाबूत. तिला 'मॅडम', मला 'काका'!

"काका, मॅडम तपासतात ते आरएनए प्रथिनं बनवत न्हाईत. आधी लोक त्यांना बिनकामाचे म्हणायचे. पण कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं गप्प बसवायचं, हे त्यातलेच काही ठरवतात. तिथं बिघडलं की गाठी वाढत असाव्यात, असं आमचं म्हणणं."

आमचं! माझ्याबरोबर तिचं 'आमचं' गॅस सिलिंडरपुरतं. तो बोलत होता आणि ती मान डोलवत होती. लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्या बोलण्यावर तिची मान अशी हलल्याचं मला तरी आठवत नाही.

"उद्या न्यायला येतो, मॅडम."

"कशाला? माझी स्कूटर हाय की!" मी जवळजवळ ओरडलोच.

सोमवारी ती दवाखान्यातनं डबा घेऊन आली आणि मागं बसली. डबा आम्हा दोघांच्या मध्ये. एरवी माझ्या खांद्यावर असणारा हातसुद्धा डब्याभोवती. आता थर्माकोलचाही हेवा करायची पाळी आली. पण बर्फ वितळला, तुकडा नासला, तर तिची सगळी मेहनत पाण्यात, आणि वर तो म्हणणार, 'काका, मी नेलं असतं की.' एकेक खड्डा चुकवत, सायकलवाल्यांनाही पुढं जाऊ देत पोचलो.

तो हातमोजे घालून दारातच उभा. झाकण उघडून म्हणाला, "बर्फ जसाच्या तसा! झक्कास, काका."

परत येताना मी विचारलं, "त्याच्या गाडीवरनं लवकर झालं असतं, न्हवं?"

"तुम्ही ओरडला नसता तरी मी त्यांच्या गाडीवर बसणार नव्हते," ती म्हणाली. "खड्डा दिसला की ते गाडी जोरात घालतात. तुम्ही भित्रे, ते बरं हाय. पुढच्या खेपेलाही तुम्हीच या. आणि मटण पातेल्यात ठेवत जावा."